पात्याच्या बुडाशी

आमच्या घरात एक मिटता चाकू आहे. मिटल्यावर जेमतेम साडेतीन इंच लांबीचा, एका पात्याचा, सांबरशिंगाच्या मुठीचा. शिंगावरचे मूळचे खडबडीत पन्हळ हाताळून हाताळून गुळगुळीत झाले आहेत आणि धार लावून लावून पाते मूळच्या रुंदीच्या निम्मे उरले आहे. वडील या चाकूने पेन्सिलींना टोक करीत, वर्तमानपत्रांतली कात्रणे कापीत आणि चैत्र-वैशाखात कैरीच्या फोडी करीत. घरातली विळी कैरी चिरली की लगेच काळी पडे. हा चाकू मात्र कधी काळा पडला नाही. “साहेबी पोलाद आहे ते,” असे वडील अभिमानाने सांगत. चाकू त्यांनी सहसा कोणाच्या हाती दिला नाही, पण त्याची गोष्ट मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली.

गोष्ट अशी होती. २ डिसेंबर १९११ रोजी बादशहा पंचम जॉर्ज दिल्ली दरबाराला जाण्यासाठी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. त्याआधीचे काही महिने मुंबईत स्वागताची धांदल चालू होती. आजोबा तेव्हा बावीस वर्षांचे, नकाशे काढण्याच्या एका कचेरीत उमेदवार. एक दिवस इंग्रज इंजिनियर त्यांच्या मेजापाशी थांबला, त्यांनी टोक करून ओळीने ठेवलेल्या पेन्सिली त्याने पाहिल्या, एक उचलून तिचे टोक अंगठ्यावर टेकवून पाहिले, आणि काही न बोलता स्वतःच्या खिशातला चाकू काढून त्यांच्यापुढे ठेवला. एवढीच गोष्ट. पण तिच्यातून आमच्या घराला एक वाक्प्रचार मिळाला. कोणाला परीक्षेत चांगले गुण मिळोत, कोणाची पुरणपोळी चांगली होवो, वडील म्हणत, “असं पाहिजे! साहेबाने खिशात हात घातला पाहिजे.” काम चोख असावे, आणि त्याची दाद न मागता मिळावी, हे आमच्या घरचे नीतिशास्त्र त्या एका वाक्यात सामावलेले होते.

मी आयुष्यभर प्राचीन मराठी वाङ्मय शिकवले. हस्तलिखिताचा कागद, अक्षरवळण, समाप्तिलेख, त्यातला शक, लेखकाचे नाव, या गोष्टींवरून पोथीचा काळ कसा ठरवावा, हे विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांना सांगितले. तरीही घरातल्या त्या चाकूकडे पुरावा म्हणून पाहावे असे मला कधी सुचले नाही. ते सुचले २०१६ च्या शरद ऋतूत, आणि तेही अमेरिकेत.

पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गला भाच्याकडे महिनाभर राहिलो होतो. त्याच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत. त्यांना मिटते चाकू जमवण्याचा छंद. एका संध्याकाळी त्यांनी बनातीचे अस्तर लावलेले खण माझ्यापुढे मांडले. मला विशेष वाटले ते त्यांच्या पाहण्याच्या रीतीचे. चाकू उघडला की ते धार पाहत नसत, मूठही पाहत नसत. भिंग घेऊन ते थेट पात्याच्या बुडाशी जात. जिथे धार संपते आणि पाते मुठीत शिरते, त्या नखाएवढ्या चौकोनी जागेत. कारागिराची मुद्रा तिथे ठोकलेली असते. पोथी हाती येताच आधी शेवटचे पान उलटणारे संशोधक मी पाहिले आहेत. हे गृहस्थ त्याच जातकुळीचे होते.

त्यांचा संग्रह प्रामुख्याने त्याच राज्यातल्या ब्रॅडफर्ड गावच्या ‘डब्ल्यू. आर. केस अँड सन्स’ या कंपनीच्या चाकूंचा. या कंपनीच्या नावापुढे दोन फुल्या असतात. पोलाद भट्टीतून दोनदा जाऊन निघाल्याची ती खूण, असे कंपनीचे सांगणे. जाणकार या मुद्रेवरून चाकूचा काळ सांगतात. १९४० पासून १९६४ पर्यंत नाव आणि दोन फुल्या; १९६५ ते १९६९ त्याखाली ‘यूएसए’ ही अक्षरे. १९७० साली कंपनीने मुद्रेखाली दहा ठिपके ठोकले आणि पुढे दरवर्षी एक ठिपका कमी केला. १९७९ च्या चाकूवर एकच ठिपका उरतो. १९८० साली पुन्हा दहा ठिपके आले, पण घोटाळा होऊ नये म्हणून नावातले ‘एस’ हे अक्षर विजेच्या रेषेसारखे टोकदार केले गेले. मुद्रेखेरीज पात्यावर एक क्रमांकही असतो. त्यातला पहिला आकडा मुठीच्या द्रव्याचा, दुसरा पात्यांच्या संख्येचा, उरलेले घडणीचे. सहा म्हणजे हाड, पाच म्हणजे सांबरशिंग.

वर्ष सरळ आकड्यांत न लिहिता ठिपके कमी करत जाण्याची ही रीत मला विलक्षण वाटली. आपण वयाचा हिशेब वाढत्या आकड्यांनी करतो. इथे किती उरले याचा हिशेब होता. गृहस्थांनी पाचाच्या आकड्याचा एक चाकू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “ही मूठ तुमच्या देशातून आली आहे.” ते खरे होते. शेफील्डच्या आणि अमेरिकेच्या कारखान्यांना सांबरशिंग पुरवणारा मोठा देश भारतच होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली. मला घरचा चाकू आठवला. त्याची मूठ इथूनच तिकडे गेली असेल आणि पात्याला जडून परत आली असेल, असे मनात आले. त्याच्या बुडाशी काय लिहिले आहे, हे मात्र मला सांगता येईना.

परत आल्यावर, २०१७ च्या जानेवारीत, वडिलांची परवानगी घेऊन मी चाकू उन्हात घेऊन बसलो. बुडाशी मळ घट्ट बसला होता. रॉकेलचा बोळा आणि दात कोरायची काडी यांनी तो हलके हलके काढला. प्रथम दिसली एक चांदणी, आणि तिच्या शेजारी चार पाकळ्यांचा माल्टीज क्रूस. हे चिन्ह शेफील्डच्या ‘जोसेफ रॉजर्स अँड सन्स’ या पेढीचे. शेफील्ड आणि भोवतालच्या मुलखाला हॅलमशर म्हणतात. तिथल्या चाकू-कात्री बनवणाऱ्यांची श्रेणी १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली, आणि प्रत्येक कारागिराने आपली खूण तिच्या दप्तरी नोंदवायची, दुसऱ्याची वापरायची नाही, असा दंडक पडला. रॉजर्सना चांदणी आणि क्रूस मिळाला १७६४ मध्ये. खुणेखाली पेढीचे नाव होते, आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘कटलर्स टू हिज मॅजेस्टी’ आणि ‘शेफील्ड, इंग्लंड’.

माझ्यातला शिक्षक जागा झाला. ‘इंग्लंड’ हा शब्द महत्त्वाचा होता. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले, आणि त्यानंतरच शेफील्डच्या पात्यांवर देशाचे नाव सर्रास दिसू लागते. म्हणजे चाकू १८९१ नंतरचा. ‘हिज मॅजेस्टी’ म्हणजे गादीवर राजा आहे, राणी नाही. व्हिक्टोरिया राणी वारली १९०१ च्या जानेवारीत. म्हणजे चाकू १९०१ नंतरचा. १९११ या मर्यादेत अगदी नेमके बसत होते. गोष्ट पक्की होत चालली होती. मी आनंदाने पाते उलटे केले आणि दुसऱ्या बाजूचा मळ काढू लागलो.

तिथे एकच शब्द होता : ‘स्टेनलेस’.

न गंजणाऱ्या पोलादाचा शोध हॅरी ब्रिअरली यांनी शेफील्डमध्येच लावला, तो १९१३ साली. १९११ च्या चाकूवर तो शब्द असणे शक्य नव्हते. खिशातल्या चाकूंमध्ये हे पोलाद रुळले ते पहिल्या महायुद्धानंतर. कैरीने पाते काळे का पडत नाही, याचे उत्तर इतकी वर्षे आमच्या डोळ्यांसमोर होते. साहेबी पोलाद खरेच. पण तो साहेब निदान आठ-दहा वर्षांनी नंतरचा.

इथे माझ्या हातून जे झाले ते सांगितलेच पाहिजे, कारण हा लेख त्याचसाठी लिहितो आहे. मी तसाच उठलो, आत गेलो आणि वडिलांना म्हणालो, “बाबा, हा चाकू १९११ चा असूच शकत नाही.” आणि मग, वर्गात सांगावे तसे, एकेक मुद्दा क्रमाने सांगितला. १८९१, १९०१, १९१३. वडील ऐंशी वर्षांचे होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. भिंग मागून घेऊन तो शब्द स्वतः वाचला. मग म्हणाले, “तू म्हणतोस तर तसं असेल.” चाकू मिटून त्यांनी टेबलाच्या खणात ठेवला. त्यानंतर त्यांनी ती गोष्ट पुन्हा कोणाला सांगितल्याचे मला आठवत नाही. त्या वाक्प्रचाराचाही त्यांच्या तोंडून हळूहळू लोप झाला. माझ्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मी वाट पाहिली. ते नुसते “छान झालं” म्हणाले.

मी स्वतःचे समाधान करून घेण्याचा प्रयत्न केला. अस्सल कागद आणि बखर यांत विरोध आला तर कागद प्रमाण धरावा, ही इतिहासाची शिस्त राजवाड्यांपासून आपण शिकत आलो. मुद्रा हा अस्सल कागद, गोष्ट ही बखर. मी चुकलो नव्हतो. पण मन स्वस्थ होईना, म्हणून या मुद्रांविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता ध्यानात आले की मी ज्या साक्षीदाराच्या भरवशावर वडिलांना गप्प केले, तोही काही हरिश्चंद्राचा अवतार नव्हता.

एक तर, मुद्रा नाव सांगते ते पेढीचे, घडवणाऱ्याचे नव्हे. शेफील्डमध्ये ‘लिटल मेस्टर’ म्हणून ओळखले जाणारे असंख्य छोटे कारागीर असत. एखादी खोली किंवा भट्टीचा कोपरा भाड्याने घेऊन ते मोठ्या पेढ्यांचे काम करून देत, आणि त्यावर मुद्रा पडे पेढीची. पात्याला धार देणारे कामगार फिरत्या दगडावर ओणवे होऊन दिवसभर बसत. दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत जाऊन ते ऐन उमेदीत मरत. डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ मध्ये त्यांच्या या फुप्फुसविकारावर लिहिले आहे. त्या माणसांपैकी कोणाचेही नाव पात्याच्या बुडाशी नाही.

दुसरे असे की, जी खूण विश्वासाची, तिचीच नक्कल होते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या झोलिंगेन गावचा माल शेफील्डच्या नावाने विकला जाई. ती तक्रार इतकी वाढली की ब्रिटिश पार्लमेंटने १८८७ साली मालावरच्या खोट्या खुणांविरुद्ध कायदा केला. पिट्सबर्गच्या गृहस्थांनीही मला एक चाकू दाखवला होता, ज्याची जुनी मुद्रा घासून तिथे अधिक मोलाची मुद्रा कोणीतरी ठोकली होती. “मुद्रा अगदी बिनचूक आहे,” ते म्हणाले होते, “चुकले ते बाकी सगळे.” बनावट ताम्रपट करणाराही दात्याची वंशावळ काळजीपूर्वक उतरवतो आणि अक्षरवळणात सापडतो. आणि तिसरे म्हणजे, मुद्रा ही मालमत्ता आहे. ती विकता येते. रॉजर्स आणि त्यांची जुनी प्रतिस्पर्धी वॉस्टनहोम या दोन पेढ्या १९७१ मध्ये एकत्र आल्या; पुढेही त्या नावांचे मालक बदलले. चांदणी आणि क्रूस तेच राहतात, त्यांमागचा हात बदलतो.

अर्थात यातल्या कशानेही ‘स्टेनलेस’ हा शब्द पुसला जात नव्हता. चाकू १९१३ च्या आधीचा नाही, हे पक्केच होते. मुद्रा कोणाचा शब्द आहे आणि कोणत्या काळाच्या आधीचा नाही, एवढेच सांगते, आणि तेवढे ती चोख सांगते. मी तिला विचारलेला प्रश्न मात्र वेगळा होता. माझे आजोबा बावीस वर्षांचे असताना एका परक्या माणसाने त्यांचे काम पाहून खिशात हात घातला होता का, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर पात्याच्या बुडाशी नसते.

२०१९ साली वडील गेले. तेराव्याच्या दिवशी आत्या आमच्याकडे होती. तिचे वय नव्वद. वडिलांहून सात वर्षांनी मोठी. दुपारी पडवीत बसल्या बसल्या तिने तो चाकू मागितला, हातात फिरवला आणि सहज म्हणाली, “हा नवा. जुना विहिरीत पडला ना.”

मी काही बोललो नाही. ती आपल्याच नादात सांगत होती. “मी सातेक वर्षांची असेन. तुझा बाबा तेव्हा पाळण्यात होता. अण्णा रहाटाचा दोर कापायला गेले आणि चाकू गेला पाण्यात. गाळ उपसला तेव्हाही मिळाला नाही. दोन दिवस अण्णा जेवले नाहीत नीट. मग मुंबईहून हा आणला, तस्साच पाहून. पण तसा नव्हे हो. तो कैरी कापली की काळा ठिक्कर पडायचा. आई त्याला लोणच्याच्या कैरीला हात लावू द्यायची नाही.”

काळा ठिक्कर. म्हणजे साधे पोलाद. १९१३ च्या आधीचे असू शकेल असे. आत्याला ब्रिअरली ठाऊक नव्हते, माझा शोध ठाऊक नव्हता, आपण काय सांगत आहोत याचे महत्त्वही ठाऊक नव्हते. साक्षीदाराला आपल्या साक्षीचे मोल माहीत नसते तेव्हा ती साक्ष अधिक विश्वसनीय मानावी, असे मी वर्गात कितीदा सांगितले होते.

आता एक चाकू हरवला, तसाच दुसरा आला, आणि पहिल्याची गोष्ट दुसऱ्याला चिकटली. पाळण्यातल्या मुलाने मोठे होऊन हाच चाकू पाहिला, आणि गोष्टही ऐकली. दोन्हींची सांगड त्याने घातली, की अण्णांनीच ती घालू दिली, हे कोण सांगणार? ज्या विषयावर मी तीस वर्षे व्याख्याने दिली तो हाच तर विषय होता. पोथी जीर्ण होते, नवी प्रत केली जाते. नव्या प्रतीचा कागद आणि शाई नव्या काळाची असते, ग्रंथ जुन्याच काळाचा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. एकनाथांनी तिचे शोधन केले शके १५०६ मध्ये. उद्या एखाद्याला शके १६०० ची एक प्रत सापडली आणि तेवढ्यावरून ग्रंथच त्या शतकातला आहे असे त्याने म्हटले, तर आपण त्याला प्रत आणि संहिता यांतला भेद समजावून सांगू. मी माझ्या वडिलांशी नेमकी तीच चूक केली. प्रतीचा काळ काढला आणि संहिता खोटी ठरवली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही चूक केली असती तर मी त्याचे गुण कापले असते.

आत्याच्या आठवणीने साहेबाची गोष्ट सिद्ध होते, असे मी म्हणत नाही. सिद्ध होते ते एवढेच की गोष्ट खोटी ठरवण्याचा माझ्याजवळ आधार नव्हता. आणि हे मला घरातच कळू शकले असते. आत्या तेव्हाही होती, तिची स्मरणशक्ती लख्ख होती, ती चार गल्ल्या पलीकडे राहत होती. मी भिंग घेतले, रॉकेल घेतले, पुस्तके धुंडाळली, पण एका म्हातारीला “तुला या चाकूचं काय आठवतं?” एवढे विचारले नाही. लेखी पुराव्यावर पोसलेल्या माणसाचे हे व्यंग असावे.

संग्राहकांच्या दृष्टीने या चाकूला किंमत नाही. पाते भरलेले, मुद्रा कोरी, मूठ न हाताळलेली, असा चाकू ते शोधतात. वापर हा त्यांच्या लेखी दोष आहे. पिट्सबर्गच्या गृहस्थांना मी पुढे या चाकूचे छायाचित्र पाठवले तेव्हा त्यांनी सौजन्याने लिहिले की याचे पाते फार झिजले आहे. झिजले आहे खरे. आजोबांनी आणि वडिलांनी निसण्यावर घासून घासून त्यातले निम्मे पोलाद उतरवले आहे. चांदणी आणि क्रूस शेफील्डमध्ये एका ठोक्यात उमटले असतील; ही झीज व्हायला ऐंशी वर्षे लागली. केसच्या ठिपक्यांसारखा तोही उरलेल्याचा हिशेब आहे.

चाकू आता माझ्या टेबलावर असतो. मी पेन्सिलीच वापरतो, त्यामुळे त्याला काम आहे. परवा मुलीने विचारले, “बाबा, हाच ना तो साहेबाचा चाकू?” तिने ती गोष्ट लहानपणी आजोबांच्या मांडीवर ऐकली होती. मी तिला सगळे सांगितले : विहीर, काळा ठिक्कर पडणारा पहिला चाकू, मुंबईहून आलेला दुसरा, आणि आजोबांना मी काय म्हणालो तेही. तिने पात्याच्या दोन्ही बाजू वाचल्या. मग माझ्या मेजावरची पेन्सिल उचलून तिने तिचे टोक अंगठ्यावर टेकवून पाहिले आणि जागेवर ठेवून दिली.

टोक बरे नव्हते. मी पुन्हा करायला घेतले.